कपाटातली कॅटलिना

स्मरणिकेसाठी लेख मागायला संपादकांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकलं की यंदा नाटकावर लिहिणार नाही. मागे एकदा मंडळाच्या एकांकिकेवर चार प्रामाणिक ओळी लिहिल्या, तर पुढे सहा महिने दोन घरांची जेवणाची आमंत्रणं बंद झाली होती. तेव्हा या वेळी परीक्षण करायचं तर अशा वस्तूचं, की जिला राग येत नाही आणि जिच्या घरची मंडळी पुढच्या शनिवारी देवळात भेटणार नाहीत.

तशी एक वस्तू आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, चांदीच्या गणपतीच्या खालच्या फळीवर बसलेली आहे. तिचं नाव कॅटलिना. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गस्त घालणारी ही उडती बोट. पाण्यावरून उडायची आणि पाण्यावरच उतरायची. आमच्याकडे आहे ते अर्थात तिचं डायकास्ट मॉडेल, मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं.

ती घरी आली त्याला कारण आमचे चिरंजीव. त्यांना बारावं संपून तेरावं लागत होतं आणि व्हिडिओ गेम सोडून दुसरं काहीही द्यायचं, असा आम्हा उभयतांचा निर्धार होता. माझ्या मनात आलं, ज्या गावात हा मुलगा जन्मला त्या गावाची एखादी गोष्ट त्याच्या हातात द्यावी. भारतात गेलो की सिंहगड, शनिवारवाडा आपण मुलांना हौसेनं दाखवतो. पण सॅन डिएगोबद्दल काय सांगतो? समुद्र आहे, प्राणिसंग्रहालय आहे आणि हवा चांगली आहे.

कॅटलिना इथली. कन्सॉलिडेटेड ही विमानं बांधणारी कंपनी मूळची बफेलोची. तिथलं पाणी हिवाळ्यात गोठतं. उडत्या बोटी बनवणाऱ्याला ते कसं परवडावं? म्हणून १९३५ साली कंपनीनं अख्खा कारखाना उचलून इथे, आपल्या विमानतळाच्या शेजारी आणला. त्याच वर्षी मार्चमध्ये या विमानाचा पहिला नमुना उडाला होता. आयझॅक लॅडन हा तिचा मुख्य अभियंता. पुढे सगळ्या कारखान्यांत मिळून अशी तीन हजारांहून जास्त विमानं बनली. इथला तो कारखाना आता राहिलेला नाही. पाहुण्यांना आणायला आपण विमानतळावर घिरट्या घालत असतो, तेव्हा त्याच जागेच्या कडेनं जातो, एवढंच. नाव मात्र सगळ्यांच्या ओळखीचं. लाँग बीचहून बोटीत बसून आपण ज्या कॅटलिना बेटावर सहलीला जातो, तेच. विमानाला ते आधी ब्रिटिशांनी लावलं आणि १९४१ साली अमेरिकन नौदलानंही उचललं.

तर खोका आला. आत फोमच्या गादीवर विमान, शेजारी सुटी चाकं, एक काळा स्टँड आणि एक प्रमाणपत्र. मर्यादित आवृत्ती, तुमचा क्रमांक अमुक. किमतीचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण ही स्मरणिका आमच्या घरीही येते. त्या वेळी आई पुण्याहून आलेली होती. तिनं विमान हातात घेतलं, वजन जोखलं आणि विचारलं, "खेळणं आहे ना? मग पोराला हात का लावू देत नाहीस?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते सापडायला वर्ष गेलं. हा लेख म्हणजे तेच उत्तर, असं समजायला हरकत नाही.

आधी गुण सांगतो, कारण ते पुष्कळ आहेत.

कॅटलिना सुंदर आहे असं कोणी म्हणणार नाही. खालचं धड बोटीचं, पोट पाण्याला टेकायला केलेलं. पंख धडाला चिकटलेला नाही. मधल्या एका जाड खांबावर, डोक्यावर छत्री धरावी तसा तो वर उचलून धरलेला आहे, म्हणजे पाण्याचे फवारे इंजिनापर्यंत पोचू नयेत. पंखाच्या टोकांना दोन तरंगते फ्लोट. ते पाण्यावर असताना खाली येतात आणि उडताना वर दुमडून पंखाचंच टोक बनतात. धडाच्या मागच्या भागात, दोन्ही बाजूंना काचेचे दोन मोठे फुगे. बदकानं गालात चणे धरावेत तशी दिसते. हा सगळा बेंगरूळ घाट मॉडेल करणाऱ्यानं अचूक पकडला आहे. पंखाचा विस्तार मूळ १०४ फूट, म्हणजे मॉडेलमध्ये ४४ सेंटिमीटर. पट्टी लावून पाहिलं, बरोबर भरला. खांबाला आधार देणाऱ्या तिरप्या दांड्या सरळ आहेत. फ्लोट खरोखर वरखाली होतात. त्यांचा आवाज जुन्या छत्रीच्या बटणासारखा येतो आणि तो मला फार आवडतो.

रंगही नेमका. मॉडेल आहे जून १९४२ चं, मिडवेच्या लढाईच्या वेळचं. त्या वेळी नौदलाची विमानं वरून निळसर करडी आणि खालून फिकट करडी रंगवत. वरून बघणाऱ्याला समुद्रात मिसळावं आणि खालून बघणाऱ्याला ढगात. दोन रंगांची हद्द हातानं फवारल्यासारखी मऊ ठेवली आहे. इथे घाई केली असती तर विमान सरबताच्या दोन थरांसारखं दिसलं असतं.

आता दोष. त्यासाठी एका रविवारी चिरंजीवांना घेऊन बाल्बोआ पार्कमधल्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात गेलो. तिथे मधल्या दालनात खरी कॅटलिना उभी आहे. आपल्यापैकी बहुतेक जण तिच्याखालून गेले असतील, मान वर न करता. मीही दोनदा तसाच गेलो होतो. या वेळी पंखाखाली बराच वेळ उभा राहिलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती पत्र्यांच्या सांध्यांची. मॉडेलवर हे सांधे खोल रेघांनी दाखवलेत. अर्धा मिलिमीटर रुंद रेघ बहात्तरपट केली तर ३६ मिलिमीटर होते, म्हणजे खऱ्या विमानावर दीड इंचाची फट. त्या फटीतून पाणी आत येऊन ही बोट धक्क्यालाच बुडाली असती. मॉडेल आपण एक फुटावरून बघतो, म्हणजे खरं विमान ७२ फुटांवरून बघितल्यासारखं. संग्रहालयात जमेल तेवढं मागे जाऊन पाहिलं. सांधा कुठे संपतो आणि पत्रा कुठे सुरू होतो, कळत नाही. मॉडेलवाले मात्र रेघ खोल कोरतात, कारण ग्राहकाला बारकावा दिसला पाहिजे. दिसणारा बारकावा आणि खरा बारकावा यांत फरक असतो. नाटकात शिक्षकाला चष्मा आणि छडी दिली की झाला शिक्षक, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा मुद्दा वजनाचा. डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबानं भरायचा. त्याचा थंडगार जडपणा हातात घेतल्यावर मनगटाला कळतो आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. प्लॅस्टिकच्या मॉडेलला ही सोय नाही. पण खऱ्या कॅटलिनाच्या पंखाचा मागचा भाग आणि शेपटीचे हलणारे भाग कापडानं मढवलेले होते. धातू वाचवून वाचवून ते विमान बनवलं होतं, कारण वाचलेल्या प्रत्येक किलोचं इंधन नेता येई आणि तितकं पुढपर्यंत जाता येई. ज्या वजनाचं आपण कौतुक करतो, नेमकं तेच त्या विमानाला नको होतं. हा मी दोष म्हणत नाही, माध्यमाची मर्यादा म्हणतो. संगमरवरी बासरी करायची म्हटलं तर ती वाजणार नाहीच. पण खोक्यावर 'जड, म्हणून अस्सल' अशा अर्थाची जाहिरात आहे. तिच्याशी मी सहमत नाही.

तिसरा दोष सगळ्यात लहान आहे, मसुरीच्या दाण्याएवढा. माझी झोप उडवली ती त्यानं.

मॉडेलच्या पंखांवर वरून दोन, खालून दोन आणि धडाच्या दोन बाजूंना एकेक, असे सहा तारे आहेत. निळ्या वर्तुळात पांढरा तारा आणि ताऱ्याच्या पोटात लाल ठिपका. दिसायला छान. आई तर म्हणाली, "विमानाला कुंकू लावलंय." पण १९४२ च्या जूनमध्ये हा ठिपका असायला नको. जपानी विमानांची खूण म्हणजे लाल गोळा. पर्ल हार्बरनंतर सगळ्यांच्या बंदुका इतक्या हुळहुळ्या झाल्या होत्या, की दुरून लाल काही दिसलं की बोट चापावर जाई आणि आपलाच माणूस आपल्याच विमानावर गोळ्या झाडे. म्हणून मे १९४२ मध्ये हुकूम निघाला की ताऱ्यातला लाल ठिपका पांढऱ्या रंगानं बुजवा आणि शेपटीवरचे लाल-पांढरे तेरा पट्टेही काढून टाका. आमच्या मॉडेलच्या शेपटीवर पट्टे नाहीत. ते बरोबर काढलेत. एकाच हुकमानं दोन्ही गेलं, पण मॉडेलमध्ये एक गेलं आणि एक राहिलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ठिपक्याचं काय घेऊन बसलात! मीही स्वतःला तेच म्हणालो. पण विचार करा, तळावरून उडणाऱ्या माणसासाठी तो ठिपका केवढा होता? आपल्याच लोकांच्या हातून मरायचं की नाही, एवढा. रेघ खोल असली तर ती सौंदर्याची चूक. ठिपका राहिला तर ज्या भीतीपोटी तो बुजवला, ती भीतीच गोष्टीतून गाळली जाते. खोक्यावर तारीख छापली नसती तर मी काही बोललो नसतो. तारीख छापली की तिच्याशी इमान राखावं लागतं.

पण हा ठिपकासुद्धा मी सोडून दिला असता. चौथी गोष्ट मात्र सुटत नाही आणि ती माझ्या नव्हे, चिरंजीवांच्या लक्षात आली. भिंगातून पाहता पाहता तो म्हणाला, "बाबा, पुढे दोन पायलट आहेत. पण मागच्या काचेत कोणीच नाहीये. फक्त गन आहे."

खरंच, कोणीच नाही. काचेचे फुगे स्वच्छ, पारदर्शक, त्यात मशीनगन अगदी नळीच्या छिद्रासकट कोरलेली. माणूस नाही. या प्रमाणात माणूस इंचभराचाही होत नाही, तेव्हा जागा नव्हती असं म्हणता येणार नाही, कारण पुढे दोघे बसवलेच आहेत.

आता हे फुगे कशासाठी होते ते पाहा. बंदुकीसाठी होतेच. पण कॅटलिनाचं खरं काम बघण्याचं. सात-आठ-नऊ माणसं पहाटे निघायची आणि ताशी सव्वाशे मैलांच्या आसपासच्या वेगानं बारा-बारा तास नुसता समुद्र बघत जायची. आत झोपायला बाकडी होती, अन्न गरम करायला छोटी शेगडी होती. पंखाखालच्या त्या खांबात एक माणूस बसायचा, त्याच्या वाट्याला इंजिनांची घड्याळं आणि एक छोटी खिडकी. आणि काचेच्या फुग्यांत पाळीपाळीनं दोघं डोळे ताणून बसायचे. बहुतेक दिवशी काहीच दिसायचं नाही. संध्याकाळी परत यायचं, वहीत लिहायचं, काही दिसलं नाही. दुसऱ्या पहाटे पुन्हा निघायचं.

आणि मग एखाद्या दिवशी दिसायचं. २६ मे १९४१ ला आयर्लंडच्या उत्तरेकडच्या एका तळ्यावरून निघालेल्या ब्रिटिश कॅटलिनाला अटलांटिकमध्ये जर्मनीची बिस्मार्क ही युद्धनौका दिसली. सगळं ब्रिटिश नौदल तिला शोधत होतं आणि ती हातातून निसटली होती. दुसऱ्या दिवशी ती बुडाली. ३ जून १९४२ ला सकाळी जॅक रीड या तरुण अधिकाऱ्याच्या कॅटलिनाला मिडवे बेटाच्या पश्चिमेला सुमारे ७०० मैलांवर जपानी जहाजांचा ताफा दिसला. मुख्य आरमारच दिसलं असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ती बेटावर सैन्य उतरवायला निघालेली जहाजं होती. पण जपानी येताहेत आणि इथूनच येताहेत, हे कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दुसऱ्या एका कॅटलिनाला विमानवाहू जहाजं दिसली आणि त्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजं बुडाली. आमचं मॉडेल याच दिवसांचं. म्हणजे ज्या विमानाची सगळी कीर्ती 'दिसलं' या एका शब्दावर उभी आहे, त्यातून बघणारा माणूसच गाळला आहे.

आपल्याला जवळची वाटेल अशीही एक कॅटलिना होती. ४ एप्रिल १९४२ ला सिलोनच्या कोग्गलाहून निघालेलं, कॅनडाच्या लेनर्ड बर्चल यांचं विमान. गस्त संपवून परतायची वेळ होत आली असताना दूर दक्षिणेला काही ठिपके दिसले, म्हणून ते बघायला आणखी पुढे गेले. ते जपानचं मोठं आरमार निघालं. झीरो विमानं अंगावर येत असताना त्यांच्या रेडिओवाल्यानं कोलंबोला संदेश पाठवला आणि विमान पाडलं गेलं. नऊपैकी सहा जण वाचले. ते युद्ध संपेपर्यंत जपान्यांच्या कैदेत राहिले. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या रविवारी कोलंबोवर हल्ला झाला, पण तोवर बंदर सावध झालं होतं आणि बरीचशी जहाजं बाहेर काढली होती. ६ एप्रिलला जपानी विमानांनी आपल्या विशाखापट्टणम आणि काकीनाडावर बॉम्ब टाकले. आपण हा भाग शाळेत 'दुसरे महायुद्ध आणि भारत' या धड्यात दोन ओळींत संपवला होता.

आणि विमानप्रवासाच्या तक्रारी करणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी, एक गंमत. १९४३ ते १९४५ या काळात ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून कोग्गलापर्यंत क्वांटसची कॅटलिना विमानं न थांबता जात. हिंदी महासागरावरून २७ ते ३३ तास. रेडिओ बंद, शस्त्र नाही, ताऱ्यांवरून दिशा. प्रवासी जास्तीत जास्त तीन आणि टपाल ६९ किलो. एका प्रवासात दोन सूर्योदय दिसत, म्हणून त्या फेरीला 'दुहेरी सूर्योदय' असं नाव पडलं. वाटेतला थांबा धरून मुंबईला पोचायला चोवीस तास लागले, की आपण आठवडाभर जेट लॅगच्या गोष्टी सांगतो.

इथे मला लहानपणीचा दिवाळीतला किल्ला आठवला. आपल्या मंडळातही आता मुलांची किल्ल्यांची स्पर्धा असते, त्यामुळे हे सगळ्यांना समजेल. आमच्या किल्ल्यात प्रमाण नावाची गोष्टच नव्हती. मावळा बुरुजापेक्षा उंच, वाघ दरवाजापेक्षा मोठा, तळ्यात आरशाचा तुकडा आणि डोंगरावर उगवलेलं आळीव. पण दरवाजावर पहारेकरी ठेवल्याशिवाय किल्ला पुरा झाला असं आम्ही कधी म्हटलं नाही. मावळा मोडला असला तर काडेपेटीतली काडी खोचायचो, पण जागा रिकामी ठेवायचो नाही. किल्ला कशासाठी असतो, हे आम्हाला कोणी न सांगता कळलेलं होतं. बहात्तराव्या हिश्शाचं अचूक गणित करणाऱ्या या मॉडेलला नेमकं तेच कळलेलं नाही.

त्याऐवजी त्यांनी काय दिलं आहे? पंखाखाली लावायला चार बॉम्ब. मी अन्याय करणार नाही. कॅटलिना बॉम्ब नेत असे, पाणतीर नेत असे. ३ जूनच्याच रात्री मिडवेहून निघालेल्या चार कॅटलिनांनी अंधारात पाणतीर सोडले आणि एका जपानी तेलवाहू जहाजाला लागलाही. तेव्हा बॉम्ब खोटे नाहीत. पण खोका उघडला की मुलगा आधी बॉम्ब उचलतो आणि चिकटवतो. चिकटवले की ते विमान त्याच्या मनात 'बॉम्ब टाकणारं विमान' होऊन बसतं. हातात पहिली कोणती वस्तू द्यायची, हे ठरवणं म्हणजेच गोष्ट सांगणं. एकांकिकेचा पहिला प्रवेश चुकला तर पुढे कितीही चांगला अभिनय केला तरी प्रेक्षक चुकीचीच गोष्ट बघत बसतो.

मला जर कोणी विचारलं, कॅटलिनाचं एकच मॉडेल करायचं तर कोणत्या दिवसाचं करू, तर मी सांगेन, २ ऑगस्ट १९४५. इंडियानापोलिस ही अमेरिकन क्रूझर ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर जपानी पाणबुडीनं बुडवली. बाराशेच्या आसपास माणसांपैकी सुमारे ९०० पाण्यात पडली आणि साडेतीन दिवस कोणाला पत्ताच नव्हता. ऊन, तहान, शार्क. गस्तीवरच्या एका विमानाला ते तरंगताना दिसले आणि मदतीला एड्रियन मार्क्स नावाचा लेफ्टनंट कॅटलिना घेऊन निघाला. खुल्या समुद्रात उतरू नये, असा नौदलाचा नियम होता, कारण लाटांनी विमान फुटतं. मार्क्सनं वरून पाहिलं, एकएकट्या माणसांवर शार्क तुटून पडत होते. त्यानं बरोबरच्या लोकांना विचारलं आणि तो उतरला. संध्याकाळपर्यंत त्यानं ५६ माणसं पाण्यातून उचलली. आत जागा संपली तेव्हा पॅराशूटच्या दोऱ्यांनी त्यांना पंखांवर बांधून ठेवलं. पंख फाटला, धड खिळखिळं झालं, ते विमान परत उडालंच नाही. रात्री जहाज आलं, माणसं त्यावर चढवली आणि ते विमान बुडवून टाकलं. एकूण ३१६ जण वाचले.

आत आणि पंखांवर मिळून ५६ माणसांचा भार घेऊन अंधारात डुलणारी, पुन्हा कधीच न उडणारी कॅटलिना. असं मॉडेल माझ्या पाहण्यात आलेलं नाही. विकणाऱ्याला ते परवडणारही नाही. पण हे विमान काय होतं, ते या एका रूपात दिसतं.

आता संग्रहमूल्याचं. या छंदात एक पक्ष असा आहे, की खोका उघडायचाच नाही. प्रमाणपत्र, क्रमांक आणि न फाटलेली चिकटपट्टी असली की वीस वर्षांनी किंमत वाढते. एका जुन्या संग्राहकानं मला हा सल्ला प्रेमानं दिला होता. त्यात त्याचं चुकत नाही. आपल्याकडेही लग्नातली पैठणी दोन वेळा नेसून पन्नास वर्षं घडीत राहते. पण पैठणीला निदान आठवणीचा वास असतो. न उघडलेल्या खोक्यातलं विमान ही फक्त एक पावती. तिच्यात गोष्ट नाही, कारण ती कोणी कोणाला सांगितलेली नाही.

हे सगळं मोठ्या तोंडानं लिहितो आहे खरा, पण लाल ठिपक्याचं काय करायचं, यावर मी स्वतः चार महिने घालवले. चिरंजीवांचं म्हणणं सरळ होतं. चूक आहे ना? मग पांढरा रंग लावू या. मी म्हणत होतो, अरे, हात लावला की मर्यादित आवृत्तीची किंमत गेली, आपल्या नंबराला काही अर्थ राहणार नाही. तो म्हणाला, "पण तुम्ही तर विकणार नाही म्हणालात." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "उत्तर दे आता." उत्तर नव्हतं. विकायचं नाही आणि किंमतही उतरू द्यायची नाही, अशा कितीतरी वस्तू आपल्या घरांत असतात.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. तीन शून्यांचा ब्रश, पांढऱ्या इनॅमलची छोटी डबी, भिंग. मी एक ठिपका बुजवला आणि माझा हात थरथरतो हे कळल्यावर बाकीचे पाच त्यानं. त्याला सांगत होतो, की १९४२ च्या मे महिन्यात तळातळावर मेकॅनिक शिडीवर चढून हेच करत होते, असाच पांढरा रंग लावत. तो ऐकत होता की नाही कोण जाणे, जीभ दातांत धरून रंगवत होता. धडाच्या डाव्या बाजूचा ठिपका थोडा ओघळला. तो ओघळ माझा. आईला पुण्याला फोटो पाठवला, तर तिनं लगेच फोन केला. "अरे, कुंकू पुसलंत होय रे?" मग तिलाही सगळी गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "आणि त्या काचेत माणूस बसवलात का?"

ते फुगे कायमचे चिकटवलेले आहेत, उघडत नाहीत. तेव्हा माणूस बसवता आलेला नाही. चिरंजीव म्हणतात, जोर लावला तर निघतील. मी अजून हो म्हटलेलं नाही.

निकाल विचाराल तर आकाराला पैकीच्या पैकी, रंगाला त्याच्या खालोखाल, गोष्ट सांगण्यात मात्र जेमतेम पास. घ्यावं का? जरूर घ्या, पण खोका उघडा. बॉम्ब आधी देऊ नका. आणि मुलांना घेऊन एकदा बाल्बोआ पार्कमध्ये जा. बाजूच्या काचेच्या फुग्यांकडे बोट दाखवून, तिथे कोण बसायचं आणि दिवसभर काय बघायचं, ते सांगा. आमच्या घरी आलात तर कपाटाची किल्ली वरच्या फळीवर, गणपतीच्या मागे आहे. विमान हातात घेऊन बघायला आता कोणालाही बंदी नाही.